हंडा टेकवायची जागा

सुतारपक्षी

मंडळी, बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय, आज टंकायला बसलोच.

२०१८ च्या डिसेंबरात मुंबईत काळा घोड्याच्या एनजीएमएत (आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात) चित्रकार-शिल्पकार नवजोत अल्ताफ यांचं सिंहावलोकन प्रदर्शन लागलं होतं. ‘द अर्थ्स हार्ट, टॉर्न आउट’, मांडणी नॅन्सी अदजानिया यांची. ऑफिस सुटल्यावर गेलो, हातात जेमतेम तास. तिथला जिना चढत घुमटापर्यंत पोचेतो एका बाईचं आयुष्यभराचं काम डोळ्यांपुढून गेलं. सत्तरच्या दशकात प्रोयोम या तरुणांच्या डाव्या गटात असतानाची पोस्टरं, मग चित्रं, लाकूड, व्हिडिओ. मी अडकलो तो त्यांच्या छत्तीसगडमधल्या बस्तरच्या कामापाशी. घरी येऊन त्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, अजून वाचतोय.

नवजोत मूळच्या मेरठच्या, जे.जे.त शिकल्या, मुंबईच्याच झाल्या. १९९७ च्या सुमारास त्या बस्तरात कोंडागावला काम करू लागल्या. रायपूरहून जगदलपूरला जाताना वाटेत लागतं ते गाव. २०१२ पासून स्वतंत्र जिल्हा. ओळख ढोकऱ्याची: मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळायचे, वरून पुन्हा माती थापायची, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर निघत नाही, त्यामुळे हुबेहूब दुसरी होत नाही. या कामात मोठं नाव असलेले जयदेव बघेल इथलेच. नवजोतबाईंचं सुरुवातीचं काम त्यांच्या शिल्पग्रामातलं. पुढे राजकुमार कोर्राम, शांतीबाई आणि गेसूराम विश्वकर्मा या स्थानिक कलाकारांबरोबर डायलॉग इंटरॅक्टिव्ह आर्टिस्ट्स असोसिएशन उभी राहिली. लोक नुसतं डीआयएए म्हणतात.

आता खरी गंमत. चार शिल्पकार एकत्र आल्यावर गावात काय उभं राहील? माझी पैज चौकातल्या पुतळ्यावर होती. यांनी हापसे निवडले.

हापसा म्हटलं की काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. फुटका कट्टा, भोवती चिखल, चिखलात म्हशी. दिवसातून चार खेपा घालायच्या बायकांनी आणि पोरींनी, आणि तो बांधायचा कुणीतरी भलत्याने. डीआयएएने २००० च्या आसपास या जागा पुन्हा बांधायला घेतल्या. तिकडे त्यांना नलपार म्हणतात. (मराठी कानाला वडाचा पार आठवतोच.) पाणी भरणाऱ्यांशी बसून बोलणं, कागदावर आराखडे, मातीत नमुने, मग बांधकाम. हापशाभोवती आडोशाची भिंत आली. तिच्यावर तिथल्या कलाकारांच्या हातची चिन्हं आणि आकृत्या. सांडलेलं पाणी वाहून जाईल अशी वाट काढली. आणि मुख्य म्हणजे भिंतीत भांडं टेकवायला जागा ठेवली, म्हणजे भरलेली घागर जमिनीवरून एका दमात उचलून खांद्याडोक्यावर घ्यावी लागत नाही. मध्ये एक थांबा मिळतो.

याच मंडळींनी मुलांसाठी ‘पिल्ला गुडी’ बांधल्या. गुडी म्हणजे देऊळ, पण आत देव नाही. मुलांनी जमायचं, खेळायचं, काहीबाही करायचं, अशी हक्काची जागा. त्याबद्दल वेगळा धागा होईल.

ग्रँट केस्टर या अमेरिकन कला-इतिहासकाराने २०११ च्या आपल्या पुस्तकात या कामावर बरंच लिहिलंय. पण माझा प्रश्न पुस्तकी नाही. त्या नलपारमधली कला कुठे आहे? भिंतीवरच्या आकृत्यांत, की घागर टेकवायच्या जागेत? मला वाटतं, टेकवायच्या जागेत. आकृत्या पुसल्या तरी माझ्या लेखी ते काम शिल्लक राहील. ती जागा चुकली तर नुसती रंगवलेली भिंत. पटतंय का बघा.


नाठाळ

लेख आवडला, पण थोडक्यात सांगायचं तर नळाचा कट्टा बांधला. आमच्या चाळीतही नगरसेवकाने बांधलाय. वर त्याचं नाव नळापेक्षा मोठं. उद्यापासून त्याला कलाकृती म्हणू का? पीडब्ल्यूडीला पण एखादं प्रदर्शन द्या मग काळा घोड्याला. :)


कोरा कागद

नाठाळ, तुमच्या नगरसेवकाने कट्टा बांधण्यापूर्वी चाळीतल्या किती बायकांना विचारलं?


नाठाळ

एकीलाही नाही. पण वाद घालायचा तर पीडब्ल्यूडीही उद्या विचारेल. विचारलं की कला होते, असं आहे का? मग सर्व्हे करणारे सगळेच पिकासो.


रानजाई

नाठाळभाऊ, भरलेला हंडा कधी एकट्याने डोक्यावर घेतलाय का? चेष्टा नाही करत, खरंच विचारतेय.

माझं माहेर परांड्याकडचं. दहावीपर्यंत हापशावरून पाणी भरलं. हंडा भरला की तो पायाशी असतो, चिखलात. पंधरा-सोळा लिटर पाणी, वर पितळेचं वजन. आधी फडक्याची चुंबळ डोक्यावर. मग गुडघा वाकवून काठाला धरून हंडा मांडीवर घ्यायचा. मांडीवरून हिसका देऊन छातीशी. इथवर सगळ्या जणी पोचतात. पुढची हातभर उंची एकटीला जात नाही. पाणी हेंदकाळतं, काठ निसटतो, चुंबळ सरकते. तिथं दुसरी बाई लागते. “हात लाव गं,” एवढंच म्हणायचं, की ती आपली कळशी खाली ठेवून येणार आणि बुडाला हात लावणार.

दुपारी हापशावर चिटपाखरू नसायचं. धाकट्याच्या वेळी आई सातव्या महिन्यात होती, तेव्हा ती हंडा मांडीवर धरून रस्त्याकडं बघत उभी राहायची, कुणी येतंय का म्हणून. कोणी आलं नाही की निम्मं पाणी ओतून द्यायची आणि अर्धा हंडा घेऊन यायची. मग खेप वाढायची. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

सुतारपक्षी म्हणतात ती भिंतीतली जागा म्हणजे हात लावणारी बाई आहे. सरकारी कट्ट्यांवर ती नव्हती, कारण कट्टा बांधणाऱ्या कुणीच कधी हंडा उचलला नव्हता. ती कला आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मला ते वाचून रडू आलं.

आडोशाच्या भिंतीबद्दल पण एक. हापशावर ओल्या कपड्यांनी वाकून उभं राहायचं आणि समोर टपरीवर चार टाळकी बसलेली. त्या भिंतीचं मोल मला वेगळं सांगायला नको.


सुतारपक्षी

रानजाई, केस्टरची पानंच्या पानं वाचून मला जे नीट कळलं नव्हतं ते तुमच्या मांडी आणि छातीतल्या अंतराने कळलं. धन्यवाद.


नाठाळ

रानजाईताई, शब्द मागे घेतो. पीडब्ल्यूडीबद्दलचे तेवढे ठेवतो.


तारपा

नवीन सभासद आहे, चूक झाली तर सांभाळून घ्या. मी डहाणू तालुक्यातला, जातीने वारली. आई लग्नाचा चौक लिहिते, घराच्या भिंतीवर. आमच्यात चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’.

तुमच्या धाग्यात बस्तरचं चाललंय, पण सार्वजनिक भिंत आणि आदिवासी कला म्हटलं की माझं पोट दुखतं. कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शहरात भिंती सुशोभित करायचं कंत्राट निघालं. ठेकेदाराने आमच्या पाड्यावरची सहा पोरं नेली, त्यात मी. चौरस फुटावर दर. दर बरा होता, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी त्याने पत्र्याची स्टेन्सिलं काढली. तारप्याचा (तारपा म्हणजे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाच होता त्यावर. नाचणाऱ्यांचं कडं पूर्ण बंद आणि तारपेवाला कड्याच्या बाहेर, कोपऱ्यात उभा. आमच्याकडे तारपेवाला मध्ये असतो. नाच त्याच्याभोवती गुंडाळत जातो, शेपूट मोकळी असते, मागून येईल तो हात धरून त्यात शिरतो. तारप्याला पाठ करत नाहीत. मी सांगितलं. तो म्हणाला, लांबून काय कळतंय, गाडीतून बघतात लोक. दर दोन फुटांवर तोच नाच, पाचशे फूट.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, तो चौकोनी डिझाइन आहे ना, आत देवी असते, तो पण टाका, भरगच्च दिसतो. तो चौकोन म्हणजे लग्नाचा चौक, आत पालघट. तो लग्नघरातच लिहायचा, सवासिनींनी लिहायचा, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा त्याला अर्थ येतो. ही भिंत कसली, तर तिच्या कडेला लोक लघवीला उभे राहायचे. आम्ही दोघे नाही म्हणालो. पुढच्या आठवड्यात आम्हाला बोलावणं नाही. चौक तिथे आहे, कुणीतरी काढलाय, चांगला काढलाय.

म्हणून विचारतो: बस्तरात भिंतीवर काय काढायचं आणि काय काढायचं नाही हे कोणी ठरवलं?


कोरा कागद

तारपा, चूक कसली, या धाग्यावरचा सर्वांत नेमका प्रश्न तुमचा आहे.

मला जेवढं दिसतं ते असं. कोर्राम, शांतीबाई, गेसूराम ही माणसं आराखड्यापासून त्यात आहेत. मजुरीवर आणलेले हात नव्हेत ते. तिन्ही नावं आज कलाजगतात घेतली जातात, हे थोडं नाही. नवजोतबाईंना पदवी, इंग्रजी आणि मुंबईची गॅलरी यांचं पाठबळ आहे, ते बाकीच्यांना नाही, आणि ही विषमता नुसत्या सदिच्छेने मिटत नाही. त्यांनी ती लपवली नाही, कामाचाच विषय केली. अर्थात प्रदर्शन कुणाच्या नावाने लागलं ते सुतारपक्षींनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. मी ते त्यांच्या विरोधात धरत नाही, पण टोचतं.

दुसरं उदाहरण चित्रकार जनगढसिंह श्याम यांचं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा परधान गोंड मुलगा. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आला. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनात त्याचं काम आहे, म्हणजे सार्वजनिक कला म्हणाल तर याहून सार्वजनिक काय. २००१ मध्ये जपानमधल्या मिथिला म्युझियममध्ये काम करत असताना तो तिथेच गेला. घरापासून इतक्या लांब. नाव मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.


तारपा

जनगढ यांचं ऐकून होतो.

नावावरून आठवलं. आमच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. मोठा माणूस, शंका नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन पाड्यांवर आले. तोवर लिहायचं काम बायकांचं. कागद आला, विक्री आली, आणि पुरुष चित्रकार झाले. माझी आई चाळीस वर्षं चौक लिहितेय, तिला कोणी चित्रकार म्हणत नाही. मी सहा वर्षं कागदावर करतो, माझं कार्ड छापलेलं आहे.

२०१४ ला वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. स्टेन्सिलवाल्याला त्याने काही फरक पडलेला मला दिसला नाही.


रानजाई

तारपादादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. बस्तरातल्या शांतीबाई लाकूड कोरतात, तेही पुरुषांचं मानलं गेलेलं काम. तिकडे बाई पुरुषांच्या कामात शिरली, तुमच्याकडे पुरुष बायकांच्या. कार्ड मात्र दोन्हीकडे उशिराच छापतात बायकांची.


यारा काठ

मेलबर्नहून. धागा दोनदा वाचला, वाचनखूण साठवली.

तारपांची भिंत वाचून पापुन्याची भिंत आठवली. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातली वस्ती. सरकारने वेगवेगळ्या भाषांच्या आदिवासींना मुलखातून आणून तिथे एकत्र ठेवलं होतं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचा चित्रकलेचा शिक्षक तिथल्या शाळेत आला. त्याने मुलांना त्यांच्या घरची चिन्हं काढा म्हटलं, तर मोठी माणसंच पुढे झाली, कारण ती चिन्हं मुलांच्या अखत्यारीतली नव्हेत. शाळेच्या भिंतीवर काय रंगवायचं हे वडीलधाऱ्यांनी आपसात ठरवलं: मधमुंगीची पुराणकथा, जी त्या जागेचीच कथा आहे. प्रमुख हात कापा त्जाम्पित्जिन्पा यांचा. मुंग्या आधी गोऱ्यांच्या पुस्तकातल्यासारख्या काढल्या होत्या, पाय-डोळ्यांसकट. बार्डनने या तुमच्या मुंग्या का असं विचारल्यावर त्या पुसल्या आणि आपल्या खुणांनी पुन्हा काढल्या.

पुढच्याच वर्षी, १९७२ ला, कलाकारांनी पापुन्या तुला नावाची कंपनी काढली. मालक कलाकारच. ती अजून चालू आहे. आज जगातल्या संग्रहालयांत जी ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रं टांगलेली दिसतात, ती चळवळ त्या शाळेच्या भिंतीपासून धरतात.

आणि ती भिंत? १९७४ मध्ये शाळेची डागडुजी करताना तिच्यावर रंग फासला. संपली. आता फक्त फोटो.

अवांतर: कोणतं चिन्ह बाहेरच्यांना दाखवायचं आणि कोणतं झाकायचं यावर तिथे नंतर बरीच भांडणं झाली. सुरुवातीच्या चित्रांत नको ते उघडं पडलं अशी तक्रार दुसऱ्या वस्त्यांतून आली, आणि मग ठिपक्यांनी झाकायची रीत वाढली. ज्या ठिपक्यांवर जग भाळलंय त्यांतले बरेच पडदे आहेत म्हणा ना. तारपांनी चौकाला नाही म्हटलं ते वाचून हेच आठवलं.


तारपा

ठिपक्यांचं माहीत नव्हतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर केलं त्यांनी.


गुरूजी_६४

मूळ मुद्दा बाजूला ठेवून एक विचारतो. वनवासी बांधवांच्या कलेला शहरातील डाव्या मंडळींची गरज काय


तारपा

वनवासी नाही, आदिवासी. बाकी बोलायला माझी हरकत नाही.


व्यवस्थापक

यावरचे पुढचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. धागा नळाचा आहे, नळावरचं भांडण इथे नको.


सुतारपक्षी

व्यवस्थापक, आभार (आणि कोटी आवडली).

तारपांना उत्तर द्यायचं राहिलं. त्यांचा प्रश्न चार दिवस घेऊन फिरतोय. मी धागा काढताना टेकवायची जागा हीच कला म्हटलं आणि भिंतीवरच्या आकृत्या दुय्यम ठरवल्या. ते आता मागे घेतो. काय काढायचं हे तिथल्या माणसाने ठरवणं आणि कुठे टेकवायचं हे तिथल्या बाईने ठरवणं, ही दोन वेगळी कामं नाहीत. स्टेन्सिलवाल्याने तारपेवाला कड्याबाहेर काढला आणि सरकारी कट्ट्याने हंडा चिखलात ठेवला, दोघांनीही लांबूनच बघितलं.

अजून एक. कोंडागावला जायचा बेत आहे, पाऊस संपल्यावर. हलबी ऐकायची आहे, तिच्यात मराठीचा बराच वास आहे म्हणतात भाषावाले. कोणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा.


रानजाई

धागा वर काढतेय, सात महिन्यांनी. कारण आहे.

हा धागा मी माहेरी भावाला वाचून दाखवला होता. तो ग्रामपंचायतीत सदस्य आहे. वित्त आयोगाच्या पैशातून हापशाचा कट्टा दुरुस्तीला निघालाच होता. त्याने गवंड्याला सांगितलं, शेजारी एक ओटा बांध हंडा ठेवायला. गवंडी म्हणाला, किती उंच? भाऊ म्हणाला, अडीच फूट. आई तिथेच भाजी निवडत होती, ती म्हणाली, तू कधी उचलणारेस?

मग दुसऱ्या दिवशी सात जणी हंडे घेऊन हापशावर. गवंड्याने विटा सुट्या रचल्या, एकेकीने भरलेला हंडा ठेवून बघितला. उंच बाईला बरोबर ते माझ्या चुलतीला गळ्याशी येई. पोरींना तर पोचेचना. भांडणं झाली, दुपार गेली, गवंडी वैतागून बिडी ओढायला निघून गेला. शेवटी दोन पायऱ्यांचा ओटा ठरला: खालची मांडीच्या वर, वरची छातीच्या जरा खाली. आधी खाली टेकवायचा, दम घ्यायचा, मग वर. वरून डोक्यावर नुसता सरकवायचा. आईला एकटीला जमतो. वय एकाहत्तर. गावात नळयोजना झालीय, पण पाणी आठवड्यातून दोनदा येतं, हापसा काही सुटत नाही.

आडोशाची भिंत मंजूर झाली नाही. निधी नाही म्हणाले. टपरी तिथेच आहे.


तारपा

वा. भिंत झाली की कळवा, लिहायला मी येतो. आईला पण आणतो. काय लिहायचं ते तुमच्या गावच्या बायकांनी सांगायचं, तुमचं तुमच्याकडे काय असेल ते. पालघट मिळणार नाही.


रानजाई

या नक्की. आमच्याकडे पंचमीला भिंतीवर नागोबा काढतात, बहुतेक तोच सांगतील.


नाठाळ

ताई, अभिनंदन. ओट्यावर नाव कुणाचं टाकलं?


रानजाई

सरपंचांचं. लाल ऑइलपेंटने. :) गवंड्याने मात्र ओलं असतानाच मागच्या बाजूला करणीच्या टोकाने सात रेघा मारून ठेवल्यात. विचारलं तर म्हणाला, माप देणाऱ्या.


यारा काठ

सांडपाण्याचं काय केलं?


रानजाई

चर काढून शाळेच्या कुंपणाकडे सोडलंय. आईने तिथं अळू लावलंय. पान माझ्या तळहाताएवढं झालंय आत्ताशी, वड्यांना अजून महिना तरी आहे.